नदीत ओल आढळल्याबाबत

घाटंजी तालुक्यातील सर्वोन्नती सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्थेने व्हिडिओ गेम खेळण्याचे यंत्र काढायचे ठरवले, तेव्हा त्यात कोणालाही वावगे वाटले नाही. संस्थेच्या उपविधीत उद्दिष्टांच्या शेवटी 'व इतर अनुषंगिक उद्योग' असे शब्द आहेत, आणि सहकारात या शब्दांच्या सावलीत आजवर मंगल कार्यालये, गॅस एजन्सी आणि इंजिनियरिंग कॉलेजेही सुखाने नांदलेली आहेत. कापूस खाजगी व्यापाऱ्याकडे जाऊ लागल्यापासून संस्थेची यंत्रे बंद होती. शेड रिकामे होते, संचालक मंडळ मात्र भरलेले होते. अशात ग्रामीण डिजिटल करमणुकीची योजना आली. योजना दारात येते तेव्हा ती घ्यायला कोणीतरी घरी असावे लागते. सर्वोन्नतीचे संचालक घरीच होते.

यंत्राचे नाव 'पऱ्हाटी' ठेवले. कपाशीच्या झाडाला इकडे पऱ्हाटी म्हणतात, त्यामुळे यंत्र शेतीशी संबंधित असल्याचे आपोआप सिद्ध झाले. पऱ्हाटी म्हणजे टीव्हीला जोडायचा एक डबा आणि हातात धरायचे एक बटण. बटण एकच होते. दुसऱ्या बटणाचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे आला होता, परंतु संस्थेच्या स्वतःच्या 'वेचणी' या खेळाला एकच बटण पुरत असल्याने गरज सिद्ध झाली नाही. 'वेचणी'त बटण दाबले की बोंड वेचले जाई. पुन्हा दाबले की पुन्हा वेचले जाई. पुढे 'वेचणी भाग दोन' आणि 'वेचणी सुवर्ण' आले. 'सुवर्ण'मध्ये कापूस पिवळा होता.

ग्रामपंचायतीत, समाजमंदिरात, तांड्यातांड्यात पऱ्हाटी बसली. टीव्हीच्या मागचे भोक संस्थेने सील करून घेतले, म्हणजे दुसरे काही जोडून कोणी योजनेचा गैरवापर करू नये. टीव्ही सुरू केला की 'वेचणी' आपोआप सुरू होई, आणि ती बंद कशी करायची हे माहीत नसल्यामुळे लोक खेळत बसत. या गोष्टीला संस्थेच्या वार्षिक अहवालात 'प्रचंड लोकप्रियता' म्हटले आहे.

घोटाळा झाला तो बाहेरच्यांमुळे. योजनेच्या अटीत एक ओळ होती की, यंत्रावर संस्थेबाहेरच्या मंडळींनी बनवलेले खेळही घ्यावेत. अटी वाचण्याची पद्धत नसल्याने ही ओळ उशिरा लक्षात आली. मग पडद्यावर सर्वांत शेवटी 'बाहेरचे' नावाचा एक विभाग उघडण्यात आला, आणि कोणी येऊ नये अशी सदिच्छा बाळगून संस्था थांबली.

वैष्णवी राठोड आली.

वैष्णवी घाटंजीजवळच्या तांड्यातली. पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत होती, ती नोकरी सोडून स्वतःचा खेळ करायला गावी परतली. खेळाचे नाव 'लदेणी'. तिच्या पणजोबाच्या काळापर्यंत तिची माणसे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून रानामागून रान तुडवत जात. खेळात तेच होते. आपण तांडा घेऊन निघायचे, पाणवठे शोधायचे, बैल राखायचे. शेवटी पूर आलेली नदी लागे. पुढचा बैल काठावर अडे. तेव्हा पलीकडच्या काठावरून एक बाई गाणे म्हणत त्याला हाक मारी, आणि त्या गाण्याच्या ठेक्यावर बटण दाबले तरच बैल पाण्यात पाऊल टाकी. ते गाणे वैष्णवीच्या आईने, रामीबाईने, गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या बोलीत, म्हटलेले होते.

मोबाइलवर हा खेळ चालला होता. पांढरकवड्याजवळ हायवेच्या ढाब्यांवर ट्रकवाले जेवण थंड होईस्तोवर नदी पार करत बसत. पण रामीबाईला मोबाइल मान्य नव्हता.

"त्याच्यात माहा आवाज मच्छरावानी येते," ती म्हणाली. "समाजमंदिरातल्या टीव्हीवर लाव. तांड्यानं ऐकलं पायजे."

"तिथं पऱ्हाटीच चालते, याडी," वैष्णवी आईला म्हणाली.

"मंग पऱ्हाटीवर लाव. कापसाच्या लोकायले गानं कळत नाई का?"

म्हणून वैष्णवीने एका बटणावर चालेल असा खेळ नव्याने बांधला आणि पेनड्राइव्ह घेऊन संस्थेत गेली.

संस्थेच्या उपविधीत कलम आहे की, संस्थेत येणारा बाहेरचा प्रत्येक माल प्रतवारीतून जाईल. हे कलम लिहिताना माल म्हणजे कापूस असे गृहीत होते, पण कलमात तसे लिहिलेले नव्हते. प्रतवारीला ग्रेडर लागतो. ग्रेडर श्रावणभाऊ होते, पगार चालू होता, कापूस येत नव्हता. त्यांनी पेनड्राइव्ह तळहातावर घेतला, फुंकर मारली, अंगठ्याने चोळला आणि नाकाशी नेला.

"कोणत्या शिवारातला माल?"

"तांड्यातच बनवला, भाऊ."

"सभासद हायस का तू?"

"नाही."

"मंग बाहेरचा."

"बाहेरची कशी? तुमच्या अंगणातून माझं घर दिसते."

"दिसते ना बाप्पा. रोज दिसते. पन सभासद नाई मंजे बाहेरचा. नागपुरात राहून सभासद असला तर तो आतला." श्रावणभाऊंनी पेनड्राइव्ह उजेडात धरला. "काय हाय याच्यात?"

वैष्णवीने खेळ सांगितला. मीठ, बैल, रान, सगळे श्रावणभाऊंनी मान हलवत ऐकले. नदीपाशी त्यांची मान थांबली.

"नदी? मंजे पानी?"

"पूर आलेली नदी."

"तरीच मी म्हनलं, हाताले ओल काहून लागून राह्यली."

"भाऊ, खेळात ओल कशी असंल? ती पडद्यावरची नदी आहे."

"पडद्यावरची असो का जमिनीवरची, नदी कोरडी राहते का? पूर नसता तर 'बी' ग्रेडमंदी बसवून देलं असतं तुले. आता काट लागन."

काट म्हणजे काय हे ज्याने कधी कापूस विकला आहे त्याला सांगावे लागत नाही. माल ओला असल्याचे सांगून व्यापारी वजनातून जो हिस्सा कापतो ती काट. बाजाराचा रिवाज असा की, काटेतला कापूस कोणी परत मागत नाही, आणि तो नंतर कुठे जातो हेही विचारत नाही. काट नेमकी कुठून कापायची याबाबत श्रावणभाऊ अत्यंत प्रामाणिक होते. ओल जिथे असेल तिथूनच. त्यांनी नदी कापली.

"पण मग बैल जाईल कुठं?" वैष्णवीने विचारले.

"परत. बैलाले घरचा रस्ता पाठ राहते."

ती सचिवांकडे गेली. सचिव शामराव समजूतदार होते. आजवर त्यांनी कोणाचेही काम अडवले नव्हते. ते फक्त पुढे पाठवत.

"आधी माल लागू दे ना पोरी," ते म्हणाले. "काटेविषयीचा अर्ज मागून करता येते. आता अडून बसशील तर बैल बी जाईन आन नदी बी."

वैष्णवीने सही केली. नदी संस्थेच्या कपाटात गेली.

'लदेणी' पऱ्हाटीवर आली तेव्हा तिच्यापर्यंत पोहोचणे हाच एक खेळ होता. पडद्यावर सभासदांचे खेळ आधी, बाहेरचे शेवटी. बटण एकच असल्याने एकेक चित्र मागे टाकत जावे लागे, आणि बोट जरा जास्त वेळ दाबले गेले की 'वेचणी' सुरू होई. वैष्णवीने स्वतः समाजमंदिरात बसून, श्वास रोखून, बटण दाबत 'लदेणी' उघडली. तांडा गोळा झाला होता. रामीबाई ठेवणीतले लुगडे नेसून अगदी पुढे बसली होती.

बैल निघाले. रान आले, पाणवठा आला. लोकांना आवडू लागले. बैल नदीच्या काठाशी गेले, वळले, आणि जिथून निघाले त्या गावात येऊन उभे राहिले.

शेजारची मानीबाई म्हणाली, "वैष्णवी, बैल भुलला का वो तुया? पुन्हा गावातच आला."

"थांबा," रामीबाई म्हणाली. "येईन आता माहा आवाज."

बैल पुन्हा निघाले, पुन्हा वळले. माणसे एकेक करून उठली. मानीबाई शेवटपर्यंत बसली, ती ओळखीखातर. रामीबाई पडद्याकडे पाहत होती. जाताना कोणीतरी बटण दाबले आणि 'वेचणी' सुरू झाली.

वैष्णवीने काटेविषयी अर्ज केला. शामरावांनी तो पुढे पाठवला. पुढे म्हणजे श्रावणभाऊंकडे, कारण ओलीचा विषय त्यांचा होता. श्रावणभाऊंनी शेरा मारला की, कपाटातली नदी तपासली असता अजून वाळलेली नाही.

याच सुमारास बाहेरच्यांच्या विभागात दुसरा एक खेळ आला आणि त्याने इतिहास घडवला. खेळाचे नाव 'हायवे रॉकेट'. तो संस्थेचे अध्यक्ष बाबुलालजी यांच्या मेहुण्याच्या मुलाने नागपुरात बनवला होता, किंवा बनवत होता. श्रावणभाऊंनी पेनड्राइव्ह न उघडताच 'सुपर' प्रत दिली. अध्यक्षांच्या घरून आलेल्या मालाला हात लावला की हात मळतात. खेळ सुरू करून पाहिला तर पडद्यावर एक मोटारसायकल उभी राही आणि उभीच राही.

तरीही तो अफाट खपला, कारण संस्थेच्या कृषी केंद्रात तो खताबरोबर लिंकिंगमध्ये होता. हंगामात खत मागायला गेले की दुकानदार सोबत न मागितलेली एखादी बाटली माथी मारतो, ही पद्धत जिल्ह्यात सर्वांना परिचित आहे. तसेच इथे. पोते हवे असेल तर 'हायवे रॉकेट'चे कार्ड घ्यावे लागे. प्रत्येक पोत्यामागे एक खेळाडू धरला जाई. रुखमाबाई नावाच्या एका शेतकरी बाईने तीन पोती नेली. संस्थेच्या आकडेवारीत ती तीन उत्साही तरुण म्हणून नोंदली गेली आहे.

आता संस्थेपुढे एक गंभीर कोडे उभे राहिले. बाहेरच्यांचाच एक खेळ धो-धो चालतो आणि बाहेरच्यांचाच दुसरा मरून पडतो. काहून? यासाठी अभ्यास समिती नेमली गेली. समितीने पर्यटनस्थळी बसून सखोल अभ्यास केला. अहवालाचा सारांश असा होता: ज्या खेळासोबत खत असते तो खेळ यशस्वी होतो. ज्या खेळात नदी येण्याची आशा लावून ती येत नाही तो अपुरा वाटतो. बाहेरचे लोक काम अर्धवट करतात, हा पूर्वानुभव यातून दृढ होतो. तसेच, जिल्ह्यातील ग्राहक बाहेरच्या खेळांपर्यंत जातच नाही, अर्थात त्याला ते आवडत नाहीत. ज्या अर्थी आवडत नाहीत, त्या अर्थी ते आणखी मागे ठेवण्यास हरकत नसावी. अहवालाच्या शेवटी एक वाक्य होते, आणि ते समितीला स्वतःलाही फार आवडले होते: 'ग्राहक मागे जाऊन पाहत नाही.'

आमसभेत बाहेरच्यांचा विभाग कायमचा बंद करण्याचा ठराव ठेवायचे ठरले. वैष्णवी बाबुलालजींना भेटायला गेली. त्यांनी चहा मागवला. ते तिच्याच समाजाचे होते आणि समाजाच्या प्रगतीबद्दल त्यांना फार वाटे.

"बेटा, तुया खेळ चांगला हाय," ते म्हणाले. "पन चालत नाई. चालत नाई त्याले मी काय करू?"

"काका, नदी परत द्या. मग चालंल."

"नदी ओली हाय म्हनते श्रावण."

"मग मलाही लिंकिंग द्या. खतासोबत."

"खताचं बुक झालं. भाच्याचं हाय ना. मुदत सरलेली जस्ताची भुकटी शिल्लक हाय, त्याच्यासंग लावून देऊ का?"

वैष्णवी चहा न पिता उठली.

"राग नको मानू," बाबुलालजी म्हणाले. "आमसभेत तुले पडदा देतो. सभासदायले दाखव. त्यायले आवडलं तर विभाग चालू ठेवू. लोकशाही हाय."

आमसभा जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये भरली. मोठा पडदा लावला होता. मागे बुंदी निघत होती आणि वांग्याच्या भाजीला फोडणी बसली होती, त्यामुळे सभासदांची उपस्थिती लक्षणीय होती. रामीबाई सभासद नव्हती. ती दाराशी उभी राहिली. इतिवृत्त मंजूर झाले, ताळेबंद न वाचता मंजूर झाला, आणि जेवणाआधीचा शेवटचा विषय म्हणून 'लदेणी' लागली.

बैल निघाले. रान आले. नदीचा काठ आला. बैल वळले. शेडमध्ये हशा पिकला.

"बैल बी अर्धवट शिकलेला दिसते," कोणीतरी म्हणाले.

रामीबाई दारातून आत आली. नियमाने तिला बोलता येत नव्हते, पण तिला नियम ठाऊक नव्हता.

"बैल नाई भुलला," ती म्हणाली. "पुढं नदी होती. ते यायनं कापली."

आणि तिने गायला सुरुवात केली. टिनाचे शेड होते, उंच होते, कापसावाचून रिकामे होते. आवाज वर गेला आणि मोठा होऊन खाली आला. गाण्याचे शब्द अर्ध्याअधिक लोकांना कळले नाहीत. पण पलीकडे कोणीतरी उभे आहे, अलीकडे एक जीव पाण्याला भ्याला आहे, आणि ती त्याला ये ये म्हणते आहे, एवढे सगळ्यांना कळले. पडद्यावर बैल वळतच होते. बुंदी पाडणारा झारा हातात धरून दारात आला. श्रावणभाऊंनी डोळे पुसले, आणि मग सवयीने बोटे चोळून पाहिली.

रामीबाई थांबली.

तीन तरुण म्हणून नोंदलेली रुखमाबाई सभासदांत बसली होती. तिने विचारले, "मंग? गेला का बैल पार?"

"मले काय विचारतेस बाई," रामीबाई म्हणाली. "यायच्या कपाटात हाय तो."

"नदी दाखवा," मागून आवाज आला. मग पुढून आला. मग सगळे शेड नदी मागू लागले.

बाबुलालजींनी राजकारणात केस पिकवले होते. त्यांनी हात वर करून शांतता केली. "सभासदहो, तुमाले नदी पायजे ना? भेटन. ते कोनाच्या ताब्यात हाय, सचिव?"

शामराव उठले. "संस्थेच्या. काटेत जमा हाय. काटेतला माल रिवाजानं संस्थेचा होते."

"मंजे नदी आपली हाय," बाबुलालजी म्हणाले. टाळ्या पडल्या. "संस्था स्वतः नदी बाजारात आनन. आता राह्यला ठराव. बाहेरच्यायचा विभाग बंद. अनुमोदन?"

भाजीचा वास शेडभर पसरला होता. सगळे हात वर गेले. रुखमाबाईचा गेला. नदी, नदी म्हणून ज्यांनी घसा कोरडा केला होता त्यांचेही गेले. वैष्णवीला मत नव्हते.

'नदीपार' हा सर्वोन्नती संस्थेचा नवा खेळ दिवाळीला आला. घरचा माल असल्याने त्याची प्रतवारी झाली नाही. ओलीचे काय, असे कोणी विचारले तेव्हा श्रावणभाऊ म्हणाले, "आपल्या मालाले कायले ओलीचं मीटर लावा लागते?" खेळाची सुरुवात थेट नदीकाठावर होते. बैल पाठीवर मीठ घेऊन उभा असतो. पलीकडून हाक येते. टीव्ही लावला की आता 'वेचणी'ऐवजी हाच सुरू होतो. लोकसंस्कृतीचे जतन केल्याबद्दल संस्थेला पुरस्कार मिळाला. गाण्याखाली लिहिले आहे: 'आवाज: संस्थेच्या सौजन्याने.' अभ्यास समितीने पुरवणी अहवालात स्पष्ट केले की, यावरून आतल्यांचेच खेळ चालतात हे पुन्हा सिद्ध होते.

तांड्याच्या समाजमंदिरात पहिल्यांदा 'नदीपार' लागला तेव्हा रामीबाई तेच ठेवणीतले लुगडे नेसून पुढे बसली. या वेळी तिचा आवाज आला, भरून आला, मच्छरासारखा मुळीच नाही. मानीबाईने पदर डोळ्यांना लावला. बैल पार झाला. तांड्याने टाळ्या वाजवल्या. रामीबाईने शेवटपर्यंत पडद्यावरची अक्षरे पाहिली. तिला वाचता येत नव्हते, म्हणून तिने लेकीला विचारले.

"याच्यात तुहं नाव कोठी हाय?"

"याच्यात नाही, याडी. माझं नाव 'लदेणी'त आहे."

"ते तं बंद केली ना?"

"विभाग बंद म्हणजे नवे खेळ घेणं बंद. खेळ पुसायचा तर श्रावणभाऊंचा शेरा लागते, तो कुणी मागितला नाही. आहे तशीच मागं."

"मंग लोक जाऊन पाहतीन कधी तरी."

 वैष्णवीची पुण्याची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. आता तालुक्यात सगळे हळहळतात की, हुशार पोरी इथे टिकत नाहीत.

'नदीपार' आपल्याही गावात आला आहे. तुम्ही तो खेळला असाल, बैल पार गेल्यावर तुम्हीही टाळ्या वाजवल्या असतील. तो बैल मीठ घेऊन त्या काठापर्यंत कुठून आला, ते मागच्या पडद्यावर आजही आहे; एकेक चित्र मागे टाकत जायचे, बोट तेवढे जास्त वेळ दाबायचे नाही. तुम्ही गेलात का? नाही ना. म्हणजे अभ्यास समितीला उगाच हसलो आपण. तिच्या अहवालातले ते शेवटचे वाक्य तुम्हाला विचारूनच लिहिल्यासारखे आहे.